एकाच बाटलीला दोन गुण

माझ्या वाइनच्या नोंदवहीत एका पानावर दोन ओळी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या ग्लासापुढे लिहिले आहे, ‘पिकलेल्या चेरीचा वास, तोंडात मऊ, शेवट जरा घाईचा, 20 पैकी 14.’ पाचव्या क्रमांकाच्या ग्लासापुढे लिहिले आहे, ‘पातळ, आंबटाकडे झुकलेली, मागे कडवट चव राहते, 20 पैकी 11.’ या दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली वाइन होती. ओतण्याचे काम माझ्या धाकट्या भावाकडे होते आणि मला न सांगता त्याने चार बाटल्यांतून पाच ग्लास भरले होते. गुण लिहून झाल्यावर त्याने कापडी पिशव्यांतून बाटल्या बाहेर काढल्या, त्या चारच निघाल्या, आणि तो म्हणाला, “ताई, दोन आणि पाच एकच आहेत. तू काय लिहिलंयस ते पुन्हा वाच.”

त्याआधी तीन महिने मी परवडणाऱ्या वाइन घरी चाखून त्यांना गुण देत होते आणि ते गुण मला वजनकाट्यावरच्या आकड्यांइतके पक्के वाटत होते. त्या रात्री मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि त्यांतली एकही खोटी नाही हे माझ्या लक्षात आले. पाचव्या ग्लासाच्या आधीचा चौथा ग्लास बऱ्यापैकी गोडसर वाइनचा होता, आणि गोडाच्या मागून आलेली कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नेहमीच असते त्याहून पातळ व आंबट लागते. दुसऱ्या ग्लासाच्या आधी आलेली वाइन मात्र टोकाची आंबट होती, त्यामुळे तिच्यामागून आलेली हीच वाइन मऊ भासली. जिभेने दोन्ही वेळा आपले काम प्रामाणिकपणे केले होते. तिने जे सांगितले त्यात वाइन जितकी होती तितकाच तिचा रांगेतला क्रमांकही होता, आणि मी मात्र सगळा हिशेब वाइनच्या नावावर मांडला होता.

पुढे वाचन करताना कळले की हे माझ्यापुरते नाही. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः वाइन बनवण्याचा एक छोटा कारखाना चालवत, कॅलिफोर्निया राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेच्या परीक्षकांवर एक प्रयोग केला आणि 2008 साली तो प्रसिद्ध केला. एकाच बाटलीतली वाइन त्यांनी प्रत्येक परीक्षकापुढे, इतर ग्लासांत मिसळून, तीन वेळा ठेवली. तिन्ही वेळा साधारण एकाच दर्जाचे गुण देणारे परीक्षक दहातले जेमतेम एक निघाले. ही मंडळी अनुभवी होती, चाखणे हे त्यांचे नेहमीचे काम होते. तरीही एका बैठकीत तीस ग्लास पुढे आले की जीभ आणि नाक थकतात, शेजारच्या ग्लासाची छाया पडते, आणि आकडा हलतो.

मग घरी बसून गुण द्यायचेच कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की परवडणारी वाइन म्हणजे काही निमित्त नसताना, आठवड्यातल्या साध्या दिवशी मनात किंमत न घोळवता उघडता येते ती बाटली, आणि बहुतेक पिणाऱ्यांच्या आयुष्यात याच बाटल्या येतात. तिच्याविषयी विचारपूर्वक लिहिलेले फार कमी सापडते. मोठ्या नावांच्या वाइनवर पानेच्या पाने भरतात आणि रोजच्या बाटलीची बोळवण ‘पैसे वसूल’ एवढ्या दोन शब्दांत होते. पुन्हा कोणती बाटली आणावी आणि कोणती नाही हे ज्याला ठरवायचे आहे त्याला या दोन शब्दांचा उपयोग नाही. म्हणून गुण द्यावेत, पण ते मिळवण्याची पद्धत अशी असावी की दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच नोंदीकडे पाहून मान खाली घालावी लागू नये.

यातली पहिली गोष्ट म्हणजे बाटली झाकणे. लेबल दिसले की नाव, देश, वर्ष आणि किंमत ही चारही माणसे ग्लासाभोवती येऊन बसतात आणि चाखणाऱ्याच्या आधी बोलू लागतात. कॅलिफोर्नियात हिल्के प्लासमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकच वाइन दोनदा देण्यात आली, एकदा स्वस्त म्हणून आणि एकदा महाग म्हणून. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली, आणि त्यांच्या मेंदूच्या चित्रणात सुखद अनुभवाशी संबंधित भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ती माणसे शिष्टाचार म्हणून चांगले म्हणत नव्हती, त्यांना ती वाइन खरोखर अधिक छान लागली होती. हे वाचून मी बराच वेळ विचारात पडले, कारण स्वस्त बाटलीच्या बाबतीत हाच न्याय उलटा चालतो. ती उघडतानाच आपण तिच्याकडून थोडी कमी अपेक्षा धरतो, आणि मग तितकेच आपल्याला मिळते.

त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाखण्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. त्यात किंमत माहीत नसताना सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन अधिक आवडते असे दिसले नाही, उलट त्यांचा कल किंचित स्वस्त वाइनकडे निघाला. वाइनचे विशेष शिक्षण घेतलेल्यांमध्ये मात्र तसे नव्हते. किंमत आणि दर्जा यांची सांगड तशी जुनी आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनची 1855 सालची प्रसिद्ध प्रतवारी दलालांनी केली ती मुख्यतः त्या वाइनना बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावावरून, आणि ती फार थोडे बदल होऊन आजही लेबलांवर मिरवते. त्या भावामागे दर्जा नव्हता असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की माझ्या वहीत किंमत वेगळ्या पानावर लिहिलेली असते आणि गुण लिहून होईपर्यंत ते पान उघडायचे नाही असा नियम आहे.

झाकण्याच्या कामात बारकावे आहेत. नुसते कागदात गुंडाळून भागत नाही, कारण बाटलीची घडणच बोलते. सरळ खांद्यांची बाटली बोर्दोच्या वळणाची, उतरत्या खांद्यांची बर्गंडीच्या वळणाची, उंच निमुळती ऱ्हाइन आणि अल्सास भागातली, हे एकदा माहीत झाले की पिशवीतूनही ओळखू येते. बूच आहे की फिरकीचे झाकण, हे तर मानेवरून लगेच कळते. म्हणून आमच्याकडे ओतण्याचे काम दुसऱ्या खोलीत होते. भाऊ ग्लास भरतो आणि ग्लासाच्या तळाशी बारीक चिठ्ठी चिकटवतो, मग त्याची बायको ते ग्लास मनाला येईल त्या क्रमाने मांडून पुढच्या बाजूला क्रमांक लावते. त्यामुळे कोणत्या क्रमांकाला कोणती वाइन आहे हे टेबलावर बसलेल्या कोणालाच, अगदी भावालाही, ठाऊक नसते. हे महत्त्वाचे अशासाठी की ज्याला उत्तर माहीत असते त्याचा चेहरा, भुवयांची एक हालचालसुद्धा, समोरच्याला सगळे सांगून जाते.

रंगाचेही तसेच. बोर्दोमध्ये झालेला आणि 2001 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाइनच्या जगात सर्वांच्या तोंडी असतो. वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन आणि तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. रंगवलेल्या वाइनचा वास वर्णन करताना त्यांनी रेड वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. हे उदाहरण पुष्कळदा तज्ज्ञांची फजिती म्हणून सांगितले जाते आणि ते मला पटत नाही. त्यातून दिसते ते एवढेच की डोळे नाकाच्या आधी निर्णय देतात आणि नाक त्या निर्णयाला पुरावे शोधत बसते. सबब रंग पाहावा, त्याची नोंद करावी, पण त्याला फार गुण देऊ नयेत. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या रेषांना तर गुण देऊच नयेत. त्या अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे उमटतात, दर्जाशी त्यांचा काही संबंध नाही.

ग्लासाविषयी थोडक्यात सांगते. सर्व वाइनना सारखेच ग्लास हवेत, पोट रुंद आणि तोंड निमुळते हवे, आणि प्रत्येकात 50 मिलिलिटरच ओतावी. चाखण्याच्या ग्लासाचे आंतरराष्ट्रीय मानक 1977 साली ठरले, त्यातला ग्लास जवळपास 215 मिलिलिटरचा आहे, म्हणजे तीन चतुर्थांश ग्लास वासासाठी मोकळा राहतो. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास कपाटाचा वास धरून बसतो, आणि साबणाचा अंश राहिलेला ग्लास उत्तम वाइनही बिघडवतो. म्हणून ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्यावा. आम्ही ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुऊन उलटे न ठेवता हवेवर वाळवतो.

तापमानाविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण स्वस्त वाइनवर सर्वांत जास्त अन्याय इथे होतो. फ्रिजमध्ये साधारण 4 ते 5 अंश सेल्सियस असते. तिथून थेट काढलेल्या व्हाइट वाइनला वासच येत नाही, कारण गंधाची द्रव्ये इतक्या थंडीत ग्लासातून उठतच नाहीत. मग माणूस म्हणतो, साधी आहे, पाण्यासारखी आहे. रेड वाइनची गत उलट होते. खोलीच्या तापमानाला प्यावी असे ऐकून लोक ती 26-28 अंशांवर पितात, पण तो सल्ला थंड दगडी घरांतल्या 16-18 अंशांच्या खोल्यांना धरून दिलेला होता. उबदार रेड वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते, फळांचा वास मागे पडतो, आणि सगळी चव सैल, बेढब होते.

एका रविवारी दुपारी मी एकच साधी रेड वाइन तीन लहान बाटल्यांत भरून तीन तापमानांना ठेवली, 8, 16 आणि 24 अंशांना. थर्मामीटर स्वयंपाकघरातलाच होता. 8 अंशांना ती वाइन तुरट आणि कडवट लागली, हिरड्यांवर सुती कापड घासावे तशी. थंडीत टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा फार टोकदार होतो तो असा. 24 अंशांना तुरटपणा निवला, पण प्रत्येक घोटाबरोबर नाकात झिणझिण्या येत होत्या आणि चेरीचा वास मुरंब्यासारखा जड झाला होता. 16 अंशांना तीच वाइन अशी उभी राहिली की मी उरलेला घोट थुंकायचा विसरले. बाटली तीच, दिवस तोच, माणूस तोच, आणि या तिघींना मी झाकून गुण दिले असते तर 9, 13 आणि 10 असे काही तरी दिले असते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीच्या आधी अंश लिहिलेले असतात. व्हाइट 10-12, रेड 15-17, बुडबुड्यांची 7-8, या मर्यादांत सगळ्या वाइन आणल्याशिवाय आम्ही बसत नाही.

थुंकण्याचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगते. पाच वाइन प्रत्येकी 50 मिलिलिटर म्हणजे 250 मिलिलिटर, 750 मिलिलिटरच्या बाटलीचा नेमका तिसरा हिस्सा. ती सगळी पोटात गेली तर पाचव्या ग्लासाला गुण देणारी व्यक्ती पहिल्या ग्लासाला गुण देणारी राहत नाही. घरात, आपल्याच माणसांसमोर, थुंकणे सुरुवातीला अवघड वाटते. आम्ही प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक पेला देतो आणि दोन बैठकींत ती भीड चेपते. सगळे गुण लिहून झाले की ज्याला जी आवडली ती त्याने स्वस्थपणे प्यावी.

आता खुद्द चाखण्याकडे वळते. आधी ग्लास न हलवता वास घ्यावा, मग गोल फिरवून घ्यावा, आणि मनात आलेला पहिला शब्द लगेच लिहावा. इथे शब्दांची अडचण सर्वांनाच येते. वाइनच्या लेखनातले पुष्कळ शब्द अशा फळांचे आणि फुलांचे असतात जी वाचणाऱ्याने कधी हुंगलेली नसतात, आणि मग माणूस ते शब्द उसने घेऊन लिहू लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या अॅन नोबल यांनी 1980च्या दशकात गंधांचे एक चक्र तयार केले. त्यात आतल्या वर्तुळात फळ, फूल, मसाला, माती, लाकूड असे ढोबळ वर्ग आहेत आणि बाहेर जावे तसे ते बारीक होत जातात. त्याचा खरा फायदा मला असा झाला की मी आतून बाहेर जायला शिकले. आधी फळ का? फळ असेल तर आंबट जातीचे की पिकलेले? पिकलेले असेल तर ताजे की शिजवलेले? एवढ्या तीन प्रश्नांनंतर जो शब्द येतो तो आपला असतो आणि सहा महिन्यांनी वाचला तरी ती वाइन नाकाशी उभी राहते. वही आपली, नाक आपले, तर शब्दही आपलेच असावेत.

नाकही सगळ्यांचे सारखे नसते, हे गुणांची तुलना करताना लक्षात ठेवले पाहिजे. शिराझ द्राक्षाच्या वाइनमध्ये येणारा काळ्या मिऱ्यांचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले, आणि त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास भरपूर प्रमाणातही आला नाही. माझी वहिनी त्या पाचांतली एक असावी. मी ज्या ग्लासापुढे ‘मिरी, मिरी, मिरी’ असे तीनदा लिहिले त्याच ग्लासापुढे तिने ‘वास नाही’ असे लिहिले होते, आणि आम्ही बराच वेळ एकमेकींच्या ग्लासात नाक घालून पाहत होतो. तिची नोंद चुकीची नव्हती. त्या वाइनला आम्ही दोघींनी दिलेल्या गुणांची सरासरी काढणे मात्र चुकीचे ठरले असते, कारण ती सरासरी कोणाच्याच अनुभवाची नसती. आम्ही तेव्हापासून सरासरी काढत नाही, प्रत्येकाचे गुण शेजारी शेजारी लिहितो.

तोंडात घेतल्यावर चार गोष्टी पाहायच्या. आंबटपणाने जिभेच्या कडांना पाणी सुटते, टॅनिनने हिरड्या आणि गाल कोरडे होतात, अल्कोहोलने घशात ऊब येते, आणि गोडवा असेल तर तो जिभेवर पहिल्याच क्षणी कळतो. या चारांपैकी एकानेही इतरांना ढकलून पुढे येऊ नये, याला मी तोल म्हणते. स्वस्त वाइनमध्ये तोल सापडला तर त्याचे मोल फार आहे, कारण वासाची श्रीमंती पैशाने बरीचशी येते, पण वेळेवर तोडलेली द्राक्षे आणि नेमका आंबटपणा हे काळजीने येते. तुरटपणाबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, लाळेचा निसरडेपणा जातो, आणि लागोपाठ घोट घेतले की तो कोरडेपणा साठत जातो. म्हणून दोन रेड वाइनच्या मध्ये पाणी पिऊन निदान दोन-तीन मिनिटे थांबावे, नाही तर रांगेतली शेवटची वाइन विनाकारण शिक्षा भोगते. शेवटी, घोट थुंकल्यावर चव किती वेळ टिकते ते मी मनात सेकंद मोजून पाहते. साध्या वाइनमध्ये ती पाच ते सात सेकंद टिकते, दहाच्या पुढे गेली तर मी त्या आकड्याखाली रेघ मारते.

कधी कधी बाटलीच बिघडलेली निघते आणि तिला गुण देणे अन्यायाचे होते. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आला तर तो बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअॅनिसोलचा असतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाच्या काही पट, एवढे प्रमाणही वाइनचा फळवास दाबून टाकायला पुरते. तब्येतीला त्याने अपाय होत नाही, वाइन तेवढी मुकी होते. नखांचे पॉलिश काढण्याच्या द्रवाचा किंवा शिरक्याचा वास, काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडीचा वास, हेही दोषच. काडी ओढल्याचा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास मात्र बऱ्याचदा हवेने निघून जातो, म्हणून त्या ग्लासाला दहा मिनिटे द्यावीत. दोष असलेल्या बाटलीपुढे मी गुणांच्या जागी फुली मारते आणि त्याच वाइनची दुसरी बाटली पुढच्या बैठकीत ठेवते.

गुणपद्धतीविषयी लोकांचे वाद फार आहेत. डेव्हिसमध्ये मेनार्ड अॅमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली 20 गुणांची पद्धत मुख्यतः दोष हुडकण्यासाठी होती. स्वच्छता, रंग, वास, आंबटपणा असे एकेका गोष्टीचे थोडे थोडे गुण, आणि निर्दोष वाइनला भरघोस बेरीज. अमेरिकी वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी गाजवलेली 100 गुणांची पद्धत प्रत्येक वाइनला 50 गुण आधीच देते. उरलेल्या 50 पैकी 5 रंगाला, 15 वासाला, 20 चव आणि शेवट यांना आणि 10 एकूण दर्जाला. व्यवहारात छापून येणारे गुण 80च्या वरच दाटीवाटीने बसतात, आणि 87 व 88 यांत फरक करण्याएवढी माझी जीभ स्थिर नाही, हे दोन आणि पाच क्रमांकांच्या ग्लासांनी मला पुरते पटवून दिले आहे.

म्हणून मी 20 गुण ठेवले, पण त्यांची वाटणी स्वतःच्या गरजेने केली. वासाला 6, तोलाला 6, टिकण्याला 4, आणि उरलेले 4 एका साध्या प्रश्नाला, की याचा दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो का. एक आकडा लिहिण्याऐवजी मी आता दोन आकड्यांमधली जागा लिहिते, 12 ते 13, किंवा 14 ते 16. जागा जितकी रुंद तितकी माझी खात्री कमी, आणि वाचणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच्या मलाच, तेही कळले पाहिजे. प्रत्येक बैठकीत एक वाइन दोनदा ठेवायचीच, हे ठरलेले आहे. तिच्या दोन नोंदींत तीन गुणांहून जास्त अंतर पडले तर त्या दिवशीचे सगळेच गुण मी पेन्सिलीने लिहून ठेवते, शाईने नाही.

शेवटचे 4 गुण मी त्याच रात्री देत नाही, आणि माझ्या मते घरच्या चाखणीचे खरे बळ इथेच आहे. स्पर्धेतल्या परीक्षकाला एका ग्लासामागे मिनिट-दोन मिनिटे मिळतात. माझ्याकडे अख्खी संध्याकाळ असते आणि दुसरा दिवसही असतो. उरलेली वाइन मी 375 मिलिलिटरच्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरते, म्हणजे हवेला जागा राहत नाही, आणि ती फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या अंशांना आणून ती जेवताना घ्यायची. या एका सवयीने माझ्या वहीतली क्रमवारी जितकी उलटीपालटी केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नाही.

पुष्कळ स्वस्त वाइन पहिल्या घोटासाठी बांधलेल्या असतात. त्यांत थोडी साखर राखलेली असते, महागड्या पिंपांऐवजी ओकच्या लाकडाचे तुकडे किंवा फळ्या टाकून व्हॅनिलाचा वास आणलेला असतो, आंबटपणा खाली ठेवलेला असतो. या सर्व रीती बहुतेक ठिकाणी मान्य आहेत आणि करणाऱ्याला दोष द्यावा असे त्यांत काही नाही. रांगेत ठेवलेल्या पाच ग्लासांमध्ये अशी वाइन हमखास पहिली येते, कारण ती गोड बोलते आणि मोठ्याने बोलते. अर्धा ग्लास संपेपर्यंत मात्र तिच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनिला तेवढा वर तरंगतो, खाली फळ सापडत नाही. उलट जी वाइन पहिल्या रात्री अबोल, जरा आखडलेली वाटते, जिला मी 8 किंवा 9 लिहून पुढे गेलेली असते, ती दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर अशी खुलते की पान उलटून मागची नोंद दुरुस्त करावी लागते. माझ्या वहीत आज वरच्या जागी असलेल्या वाइनपैकी बऱ्याच पहिल्या रात्री मधल्या होत्या.

आपली जीभ खरेच फरक ओळखते का, हे तपासायला भावाने अलीकडे आणखी एक चाचणी सुरू केली आहे. तीन ग्लास, त्यांपैकी दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. निव्वळ अंदाजाने सांगितले तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, त्यामुळे सहा फेऱ्यांत दोन बरोबर आले तर ते नशिबाचे. मागच्या महिन्यात माझे सहापैकी चार बरोबर आले, वहिनीचे पाच. मिऱ्यांचा वास न येणाऱ्या तिने तुरटपणातला जो फरक पकडला तो मला शेवटपर्यंत सापडला नाही.

त्याच संध्याकाळी भावाने दोन आणि पाच क्रमांकांची ती जुनी वाइन पुन्हा मांडली होती, अर्थात न सांगता, आणि या वेळी 16 अंशांना, दोन कोरड्या रेड वाइनच्या मध्ये. पिशवी काढल्यावर मी जुने पान उघडले आणि त्या दोन ओळींच्या खाली तिसरी ओळ उतरवून घेतली, ‘चेरी, जरा माती, आंबटपणा नीट, तुरटपणा कोवळा, सातव्या सेकंदाला संपते, 12 ते 13.’ ‘दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो का’ या प्रश्नाच्या 4 गुणांची जागा रिकामी सोडली. लहान बाटली तोंडापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली होती आणि जेवण दुसऱ्या दिवशीचे होते.